उपकंपनीसाठी वेगळं डोमेन काढण्याआधी

मोठ्या कंपनीने छोटी कंपनी घेतली की अॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतली यूजर खाती, कॉम्प्युटर आणि परवानग्या सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) चालवणाऱ्या टीमकडे पहिली मागणी येते, ‘आम्हाला आमचं डोमेन हवं.’ डोमेन म्हणजे इथे या यंत्रणेतला खात्यांचा आणि मशीनचा स्वतंत्र विभाग. बहुतेक वेळा गरज फक्त ओयूची (ऑर्गनायझेशनल युनिट, डोमेनच्या आतला कप्पा) असते. चाइल्ड डोमेन (मुख्य डोमेनखालचं वेगळं डोमेन) म्हणजे किमान 2 डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर), त्यांचा बॅकअप, पॅचिंग, सगळं वेगळं. एवढं करून सुरक्षेची भिंत उभी राहत नाहीच. ती सीमा फॉरेस्टची, म्हणजे एक किंवा अनेक डोमेन मिळून झालेल्या सर्वात वरच्या रचनेची. उपकंपनी पुढे विकायची असेल किंवा मूळ कंपनीच्या अॅडमिनना तिथे हात लावायची मुभा नसेल, तरच वेगळं फॉरेस्ट.

उपकंपनीच्या नावाचा एक वरचा ओयू, त्याखाली यूजर, कॉम्प्युटर, ग्रुप, सर्व्हर. अधिकार तिथल्या हेल्पडेस्कच्या ग्रुपला द्या, माणसाला नव्हे. लॉगिनला त्यांचंच ईमेल डोमेन हवं असेल तर यूपीएन सफिक्स (लॉगिन नावातला @ नंतरचा भाग) जोडला की झालं.

पासवर्डचे नियम वेगळे हवेत म्हणून डोमेन काढणं हे विंडोज सर्व्हर 2008 पूर्वीचं कारण. आता फाइन-ग्रेन्ड पॉलिसी (एकाच डोमेनमध्ये वेगवेगळे पासवर्डचे नियम लावायची सोय) आहे, पण ती ओयूला लागत नाही. ग्लोबल सिक्युरिटी ग्रुपला किंवा यूजरला लावावी लागते. ओयूवर जीपीओ (ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट, सेटिंग्जचा संच) लिंक करून पासवर्डची लांबी वाढवली, तर ती फक्त त्या ओयूतल्या मशीनच्या लोकल खात्यांना लागते, डोमेनच्या खात्यांना नाही. इथे भलेभले फसतात.

हेल्पडेस्कला एखाद्याच यूजरचा पासवर्ड रीसेट करता येत नसेल, तर तो डोमेन अॅडमिन्ससारख्या संरक्षित ग्रुपमध्ये आहे का पाहा. तिथल्या खात्यांवरच्या परवानग्या दर 60 मिनिटांनी पूर्ववत होतात. ग्रुपमधून काढल्यावरही त्या खात्याचं इनहेरिटन्स (वरच्या ओयूवरच्या परवानग्या आपोआप खाली येणं) बंदच राहतं. ते हाताने चालू करावं लागतं.