नांदूरमध्यमेश्वरच्या काठाने गाडीतून फिरताना रानफुले कशी शोधावीत

नांदूरमध्यमेश्वरला निघालेल्या बहुतेकांच्या गळ्यात दुर्बीण असते आणि नजर दूर पाण्यावर. रोहित (फ्लेमिंगो) आले का, चक्रवाक किती, जांभळी पाणकोंबडी दिसली का, एवढेच प्रश्न. पक्षी बघावेतच. जानेवारी २०२० मध्ये, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतली महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणून या जलाशयाचे नाव जाहीर झाले, त्यात पक्ष्यांचा वाटा मोठा. पण पायाशी, चिखलात आणि बांधावर जे फुललेले असते ते चुकवून लोक घरी परततात. ते बघायला ट्रेक लागत नाही. नाशिकहून चाळीसेक किलोमीटर गाडी हाकायची आणि जागोजागी उतरून वाकायचे.

आधी पाणी बघा

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. पाणी अडले, त्याबरोबर गाळही अडला. गाळाची बेटे झाली, उथळ डबकी झाली आणि पाणवनस्पतींना घर मिळाले. इथून निघणारे कालवे कोपरगाव-राहात्याकडे जातात. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यांना ठरावीक पाळीने सोडलेले पाणी, सुटले की जलाशयाची पातळी हलते, आणि पाणी मागे सरकलेल्या ओल्या गाळावर काही आठवड्यांत नवी रोपे येतात. म्हणून गेल्या महिन्यात कोणाला अमुक जागी फूल दिसले, यावर फार विसंबू नका. पाण्याची कड आज कुठे आहे ते बघा आणि तिथून शोध सुरू करा.

पावसाळ्यात बंधाऱ्याचे दरवाजे उघडलेले असतात, काठ निसरडा असतो. तेव्हा लांबूनच बरे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. निफाडची थंडी मात्र विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे पोहोचलात तर दाट धुके आणि मिटलेल्या कळ्या मिळतील. ऊन अंगावर येईपर्यंत सायखेड्यात चहा घ्या. फार उशीरही नको, कारण केना या तणाचे निळे फूल दुपारपर्यंत कोमेजते.

गाडी अशी चालवा

छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, तिथून सायखेडा आणि पुढे चापडगाव, खानगाव थडी, मांजरगाव या गावांच्या बाजूने काठ धरता येतो. एक नियम पक्का करा: जो गाडी चालवतो त्याने फुले शोधायची नाहीत. ते काम शेजारी बसणाऱ्याचे. हंगामात या अरुंद रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात, त्यामुळे वळणावर किंवा पुलावर गाडी थांबवू नका. ताशी वीस-तीसच्या वेगाने रंगाचा ठिपका दिसतो, फूल दिसत नाही. ठिपका दिसला की पुढे मोकळी जागा बघून गाडी पूर्ण रस्त्याखाली घ्या आणि मागे चालत या. त्या चालण्यातच निम्मी फुले सापडतात.

काठ पट्ट्यापट्ट्याने वाचा

रस्त्याकडून पाण्याकडे जाताना जमिनीतली ओल वाढते आणि झाडे बदलतात. कोरड्या कडेला रुई, तरवड, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, काटेरी पानांचा पिवळा धोत्रा. ही ओळखायला सोपी, इथे फार वेळ घालवू नका. गव्हाच्या किंवा कांद्याच्या बांधावर मात्र खाली बघा: जमिनीसरपट पसरलेली, फिक्या गुलाबी कर्ण्यासारख्या फुलांची हरणखुरी हिवाळ्यात हमखास असते. शेतकऱ्याला ती डोकेदुखी वाटते, आपल्याला मेजवानी.

खरी गंमत ओल्या चिखलाच्या पट्ट्यात आहे. इथे उभ्याने काही दिसत नाही, बसावेच लागते. पांढरे बटणाएवढे फूल दिसले तर देठ किंचित चुरडून बघा. बोटे काळी पडली तर तो माका, आपल्या केशतेलातला. बांधावरची एकदांडी लांबून त्याच्यासारखी वाटते, पण तिचे फूल लांब, उघड्या दांडीवर एकटेच असते आणि मध्यभाग पिवळा. जमिनीला चिकटून रांगणारी, छोट्या मांसल पानांची आणि फिकट जांभळट पाच पाकळ्यांची ती नीरब्राह्मी. चार पिवळ्या पाकळ्या आणि खाली लवंगेसारखे लांबट फळ असेल तर पानलवंग. जांभळ्या फुलाकडे हात नेताना थांबा: पेऱ्याभोवती लांब काटे असतील तर तो तालिमखाना, टोचला की लक्षात राहतो. आणि गाळ सुकू लागला की गोरखमुंडी येते. जांभळट गोल गोंडे, खोडाला पंखासारख्या दातेरी कडा आणि उग्र वास. या तिन्ही खुणा जमल्या की शंका उरत नाही.

पाण्यातली सगळी फुले कौतुकाची नाहीत. पाणवेलीची, म्हणजे जलपर्णीची, फिकी जांभळी, वरच्या पाकळीवर पिवळा डोळा असलेली फुले फोटोत झकास दिसतात, पण ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती पाण्यावर गालिचा अंथरते आणि खालचा प्रकाश तोडते. बेशरमही तिकडचीच, तुटलेली फांदी चिखलात पडली तरी रुजते. माझ्या मते दोन्हींची नोंद जरूर ठेवावी, आनंद बेताने मानावा. पाणकणसाचे तपकिरी कणीस हा फुलोराच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. वाऱ्यावर परागण होत असल्याने त्याला पाकळ्यांची गरज पडत नाही.

नोंद आणि फोटो

फक्त फुलाचा फोटो ओळखीला पुरत नाही. चार फोटो घ्या: फूल समोरून, फूल बाजूने, पान देठासह, आणि पूर्ण झाड आसपासच्या जमिनीसकट. आकार कळावा म्हणून शेजारी पेन ठेवा. पाण्यापासून अंतर, माती ओली की तडकलेली, तारीख आणि वेळ लिहा. नाव नंतर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अॅपवर विचारता येते, पण अॅपने सुचवलेले पहिलेच नाव डोळे झाकून घेऊ नका. त्याला वास येत नाही आणि देठ चुरडता येत नाही.

हे टाळा

हे अभयारण्य आहे. इथले काही तोडून वा उपटून न्यायचे नाही. चुरडायची चाचणीसुद्धा बाहेरच्या बांधावर, विपुल असलेल्या माक्याच्या एखाद्या देठापुरती. काळा गाळ वरून घट्ट दिसतो आणि पाय आत जातो, त्यामुळे बांध सोडू नका. द्राक्षबागेत विचारल्याशिवाय शिरू नका, फवारणी चालू असू शकते. गाजर गवताला हात लावू नका, कातडीला खाज सुटते. आणि काठावर पक्षी विसावले असतील तर ते फूल सोडून द्या.

पहिल्या फेरीत पाच-सहा फुले नीट ओळखली तरी पुरे. मार्चमध्ये, आवर्तनानंतर, त्याच थांब्यांवर पुन्हा जा. तेव्हा पाण्याची कड आत सरकलेली असेल, तिथल्या नव्या गाळापासून यादी पुढे चालवा.