सिनॅमन बन घरी करायचाय? आधी चहाला कोण येणार ते ठरवा

कोल्हापुरात कॅफेत मिळतो तो सिनॅमन रोल, म्हणजे दालचिनीचा गोड बन, बहुतेक अमेरिकन पद्धतीचा, वर क्रीम चीजचं जाडजूड आइसिंग. १९८५ ला अमेरिकेत सिएटलजवळ सिनाबॉन नावाचं बेकरीचं दुकान सुरू झालं आणि तेच रूप सगळीकडं पोचलं. पण मला विचाराल तर खरी मजा स्वीडनच्या बनमध्ये आहे, तिथं आइसिंग नाही, वर फक्त साखरेचे दाणे, आणि कणकेत चक्क वेलदोडा! तिकडं त्याला कानेलबुले म्हणतात, ४ ऑक्टोबरला त्याचा दिवस साजरा करतात, १९९९ पासून. आणि तो एकट्यानं खायचा पदार्थच नाही, हातातलं काम थांबवून चार जणांनी कॉफी घेत बसायचं, त्याला ते फिका म्हणतात, त्यातला हा बन. आपल्याकडं चार वाजता चहा टाकला की शेजारच्या काकू येतातच की, म्हणून मला हा पदार्थ कोल्हापूरच्या घरात एकदम शोभतो असं वाटतं.

आता दालचिनी. आपण ती रश्श्याच्या मसाल्यात टाकतो ती बऱ्याचदा कॅशिया असते, जाड, टणक, तिखटसर. बनला पातळ पापुद्र्यांची, बोटानं चुरडणारी, गोड वासाची खरी दालचिनी घ्या. लांब जायला नको, घाट उतरला की कोकणात पिकते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' जात त्याच प्रकारातली. आणि काड्या आणून घरी मिक्सरला लावा, तयार पावडरीचा वास कधीच उडालेला असतो.

कणकेला ४०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर वेलदोड्याची जाडसर पूड, अर्धा चमचा मीठ, ६० ग्रॅम लोणी आणि साधारण २३० मिली दूध. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आणलं असेल तरी आधी उकळाच, कच्च्या दुधातल्या प्रथिनांनी कणीक नीट फुगत नाही, मग कोमट करून घ्या, बोट सहज ठेवता आलं पाहिजे, कारण फार गरम दुधात यीस्ट मरतं. बाजारचं खारं बटर वापरणार असाल तर मीठ निम्मं करा. लोणी सगळ्यात शेवटी घालून दहा-बारा मिनिटं मळा. कणीक चिकट लागणार, तरी वरून मैदा टाकू नका प्लीज, मळता मळता ती आपोआप सुटते, जास्त मैद्यानं बन दुसऱ्या दिवशी दगड होतो. झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा, उन्हाळ्यात तासाभरात होते, थंडीत जास्त वेळ लागतो.

सारणात मी साखर नाही, आपला गूळ घालते. ८० ग्रॅम मऊ लोणी, ८० ग्रॅम किसलेला गूळ, दीड मोठा चमचा दालचिनी आणि एक चमचा मैदा. गूळ साखरेपेक्षा लवकर पाघळतो आणि बाहेर वाहतो, तो एक चमचा मैदा त्याला धरून ठेवतो. दालचिनी कणकेत मिसळू नका हं, तिच्यानं यीस्टचं काम मंदावतं.

मोठी चौकोनी पोळी लाटा, सारण पसरा, घट्ट गुंडाळा, सुरीऐवजी दोऱ्यानं बारा तुकडे कापा म्हणजे दबत नाहीत. डब्यात जवळजवळ मांडून परत अर्धा तास फुगू द्या, हे टाळू नका. वरून दूध लावा. ओव्हनला २०० डिग्रीवर १२ ते १५ मिनिटं, गूळ करपतो म्हणून डोळा ठेवा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ तापवून, स्टँडवर डबा ठेवून, झाकण लावून मंद आचेवर अर्धा तास. वरचा रंग फिका राहतो, चव तीच येते.

दहा मिनिटांनी खायला घ्या, लगेच घेतलात तर गुळानं जीभ भाजेल. सोबत कोराच चहा हवा असं नाही पण साखर कमी टाका. उरले तर त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर वाळतात, आणि पाहुणे आले की तव्यावर झाकण ठेवून मंद गॅसवर गरम करा.