आपल्या आमदाराने निधीकपातीवर नेमके काय केले, हे कसे तपासावे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या मावशींनी बँकेचे पासबुक माझ्यापुढे उघडे धरले. एका योजनेचे पैसे दर महिन्याला खात्यात पडायचे, पण तीन महिने नोंदच नव्हती. "पयशे येवपाचे बंद जाले काय रे?" त्यांनी विचारले. त्याच आठवड्यात आमचे आमदार गावच्या देवळातल्या कार्यक्रमात सांगून गेले होते, "गरिबांच्या योजनांना कात्री लावायला मी विधानसभेत विरोध केला." टाळ्या पडल्या होत्या, मीही वाजवल्या होत्या.

विरोध केला म्हणजे नेमके काय केले? मत दिले, भाषण केले, की अधिवेशन संपल्यावर पत्रकारांशी बोलले? हे शोधायला मला दीड महिना लागला. कुठे काय ठेवलेले असते हे माहीत असते, तर दोन-तीन दिवसांत झाले असते. तुमचे दिवस वाचावेत म्हणून ही पद्धत लिहून ठेवतो आहे. गोव्यातल्या कुठल्याही मतदारसंघाला, कुठल्याही पक्षाच्या आमदाराला ती लागू पडेल.

आधी कपात शोधा, आमदार नंतर

बहुतेकजण उलट्या बाजूने सुरुवात करतात आणि भाषणांच्या ढिगात अडकतात. आधी ठरवा, कुठल्या खात्याचा कुठला पैसा कमी झाला. गोवा सरकारच्या वित्त खात्याच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची पुस्तके असतात. खात्याने खर्चासाठी विधानसभेकडे मागितलेल्या रकमेला 'मागणी' म्हणतात. प्रत्येक खात्याला मागणी क्रमांक असतो आणि त्याखाली पैसा कशावर खर्च होतो ते सांगणारी चार आकडी प्रमुख लेखाशीर्षे. ही शीर्षे देशभर सारखीच आहेत: सर्वसाधारण शिक्षण २२०२, आरोग्य २२१०, पाणीपुरवठा २२१५, कला व संस्कृती २२०५, सामाजिक सुरक्षा २२३५. आपले शीर्ष वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे तेच उपयोगी पडते.

आता त्या ओळीतले स्तंभ पाहा. २०२५-२६ चे पुस्तक उघडले तर २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा मूळ अंदाज, २०२४-२५ चा सुधारित (वर्षाच्या मधे बदललेला) अंदाज आणि २०२५-२६ चा नवा अंदाज, असे चार आकडे ओळीने दिसतात. रक्कम लाखांत आहे की हजारांत, हे पानाच्या वरच्या बाजूला छापलेले असते. ते न पाहता गणित करू नका.

समजा एखाद्या योजनेला मूळ अंदाजात ४० कोटी ठेवले, सुधारित अंदाजात ते २६ कोटी झाले आणि दोन वर्षांनी आलेल्या पुस्तकात प्रत्यक्ष खर्च १९ कोटी निघाला. अर्थसंकल्पाच्या दिवशी वर्तमानपत्रात ४० कोटी छापून येतात. उरलेले २१ कोटी कमी होताना विधानसभेत कुणी हात वर केलेला नसतो. खात्याने खर्च केला नाही, पैसा दुसऱ्या शीर्षाकडे वळवला किंवा वर्षअखेरीस परत केला, एवढेच घडलेले असते. म्हणून एकाच वर्षाचे पुस्तक पाहून थांबू नका, सलग तीन वर्षांची पुस्तके शेजारी ठेवा. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवालही जोडीला घ्या. त्यात मागणीवार न खर्चलेली रक्कम दिलेली असते. तिला तिथे 'बचत' म्हणतात. त्या शब्दाने फसू नका, कित्येकदा ती कुणाच्या तरी पासबुकात न पडलेली रक्कम असते.

मतदानाचा दिवस कोणता, ते ठरवा

गोव्यात अर्थसंकल्प मांडण्याचा दिवस आणि मागण्यांवर मत पडण्याचा दिवस यांत कित्येकदा महिन्यांचे अंतर असते. अलीकडच्या वर्षांत फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडायचा, सुरुवातीच्या काही महिन्यांच्या खर्चासाठी लेखानुदान घ्यायचे आणि खातेवार मागण्यांची चर्चा पावसाळी अधिवेशनात करायची, अशी रीत पडली आहे. २०२५ चा अर्थसंकल्प २६ मार्चला मांडला गेला आणि पावसाळी अधिवेशन जुलै-ऑगस्टमध्ये झाले. तुमच्या खात्याची मागणी कुठल्या तारखेला होती, हे विधानसभेच्या संकेतस्थळावरच्या दैनिक कामकाजपत्रिकेत सापडते. ती तारीख हाती आली की पुढचे काम सोपे होते. मागण्या मंजूर झाल्यावर ते पैसे तिजोरीतून काढायची परवानगी देणारे विनियोजन विधेयक येते. त्यात रकमेत फेरफार करणारी दुरुस्ती सुचवता येत नाही, त्यामुळे खरी संधी मागणीच्या चर्चेतच असते. वर्षाच्या मधे जादा खर्चासाठी पुरवणी मागण्या येतात, त्यांच्याही तारखा टिपून घ्या.

राज्यघटनेच्या २०३ व्या कलमानुसार विधानसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करून मंजूर करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. कर्जावरचे व्याज, राज्यपालांचे वेतन असा भारित खर्च तर मताला टाकलाच जात नाही. "मी निधी वाढवायला मत दिले" असे कुणी आमदार म्हणत असेल, तर हे कलम आठवा.

कपात सूचना: इथे सगळ्यात जास्त गल्लत होते

मी स्वतः इथेच चुकलो होतो. कामकाजाच्या कागदात आमच्या आमदारांच्या नावापुढे एका खात्याच्या मागणीवर 'कपात सूचना' दिसली आणि मी तिथेच निष्कर्ष काढला, की बाहेर विरोधाची भाषा आणि आत पैसे कापायची मागणी! मावशींना तसे सांगूनही टाकले. अर्थ अगदी उलटा होता.

कपात सूचना म्हणजे मागणीची रक्कम अमुक इतकी कमी करावी, असा प्रस्ताव. संसदीय परंपरेत तिचे तीन प्रकार आहेत. रक्कम १ रुपयापर्यंत खाली आणा, असे म्हटले तर धोरणालाच नकार. ठरावीक मोठी रक्कम कमी करा म्हटले तर काटकसरीची मागणी. आणि १०० रुपये कमी करा म्हटले तर ती फक्त तक्रार असते. त्या शंभर रुपयांनी तिजोरीत काही फरक पडत नाही. आमदाराला आपले गाऱ्हाणे सभागृहासमोर आणून मंत्र्याकडून उत्तर घ्यायचे असते. शाळेत शिक्षक नाहीत, नळाला पाणी नाही, योजनेचे पैसे वेळेवर येत नाहीत, अशी ती गाऱ्हाणी असतात. म्हणजे शिक्षण खात्याच्या मागणीवर १०० रुपयांची कपात सूचना देणारा आमदार बहुधा शिक्षणाला जास्त पैसा मागत असतो.

म्हणून सूचनेत तीन गोष्टी पाहा: रक्कम किती, कारण काय लिहिले आहे आणि चर्चेच्या वेळी आमदार त्यावर बोलले की नाही. सूचना देऊन दिवसभर गैरहजर राहिलेला आमदार आणि सूचनेवर उभे राहून गावांची नावे घेत बोललेला आमदार यांत मोठा फरक आहे. तो चर्चेच्या इतिवृत्तात लगेच दिसतो.

मताची नोंद

मागण्या आणि कपात सूचना बहुतेक वेळा आवाजी मतदानाने निकालात निघतात. सभापती "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे" म्हणतात, दोन्हीकडून आवाज येतो, निर्णय जाहीर होतो. कोण काय म्हणाले याची नावानिशी नोंद उरत नाही. एखाद्या सदस्याने मतविभागणी मागितली तरच मोजणी होते. तेव्हा आधी हे शोधा: त्या दिवशी मतविभागणी झाली का, आणि ती मागितली कुणी? पराभव दिसत असतानाही ती मागणाऱ्याने सर्वांना उघडपणे एका बाजूला उभे राहायला लावलेले असते. वहीत त्याची वेगळी नोंद करा. सभात्याग केला असेल तर तेही लिहा. निषेध म्हणून बाहेर गेलेल्या आमदाराचे मत मोजणीत नसते.

इतिवृत्तात हे स्पष्ट होत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. आता लागू आहे तो देशाचा २००५ चा कायदा, गोव्याने मात्र १९९७ मध्येच स्वतःचा माहिती हक्क कायदा केला होता. अर्ज विधिमंडळ सचिवालयाच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. शुल्क किती आणि कसे भरायचे, हे आधी तिथेच विचारून घ्या. मजकूर असा ठेवा:

"दिनांक अमुक रोजी मागणी क्रमांक अमुकवर मांडलेल्या कपात सूचनांची यादी, प्रत्येक सूचनेचा निकाल, मतविभागणी झाली असल्यास दोन्ही बाजूंच्या मतांची संख्या व उपलब्ध असल्यास सदस्यांची नावे, तसेच त्या दिवसाच्या चर्चेच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी."

'का' हा शब्द अर्जात घालू नका. या कायद्याने फक्त अस्तित्वात असलेली कागदपत्रे मिळतात, कारणे नव्हेत. ३० दिवसांत उत्तर यायला हवे, नाही आले तर पहिले अपील करा.

पक्षादेश जिथे पोचत नाही तिथे पाहा

सत्ताधारी आमदाराने मागणीच्या बाजूने मत दिले, यावरून त्याच्या मनात काय आहे हे कळत नाही. पक्षादेश (व्हिप) मोडून मत दिले किंवा तटस्थ राहिला आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही, तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, आमदारकी जाऊ शकते. मंत्र्याचे तर विचारूच नका. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते, आत एक आणि बाहेर दुसरे बोलायची सोय नाही. सभापती फक्त समसमान मते पडली तरच मत देतात. त्यामुळे ४० जणांच्या सभागृहात मतावरून कौल काढता येईल असे आमदार थोडेच उरतात. बाकीच्यांच्या बाबतीत मी मताला फारसे महत्त्व देत नाही.

मग बघायचे कुठे? प्रश्नांत. गोव्यात सगळे ज्याला एलएक्यू म्हणतात, ते तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न विचारायला कुठलाही पक्षादेश आड येत नाही. तुमच्या शीर्षाबद्दल आमदाराने पाच वर्षांत किती प्रश्न विचारले ते मोजा. "किती लाभार्थी, किती प्रलंबित, किती रक्कम थकीत" असा प्रश्न विचारणाऱ्याने अभ्यास केलेला असतो. तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या लक्षवेधी सूचना, आमदारांनी स्वतः मांडलेले शुक्रवारचे खासगी ठराव आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीसारख्या समित्यांतले काम हेही असेच पाहा. सत्ताधारी आमदार एखाद्या महामंडळाचा अध्यक्ष असेल, तर त्या महामंडळाच्या अनुदानाचे काय झाले आणि तुमच्या योजनेचे काय झाले, हे दोन आकडे शेजारी लिहा.

आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी. तुमचा आमदार अशांपैकी असेल, तर त्या तारखेला वहीत आडवी रेघ मारा आणि आधीचे व नंतरचे प्रश्न वेगळे मोजा. एखाद्या योजनेवर जो दर अधिवेशनात प्रश्न विचारायचा, तो रेघेनंतर गप्प झाला का? आमच्या मतदारसंघाच्या वहीत मला जे दिसले, ते कुठल्याही भाषणातून कळले नसते.

बाहेरचे बोलणे

आमदार सभागृहाबाहेर काय म्हणाले, यासाठी अधिवेशनाच्या आठवड्यातली मराठी, कोकणी, इंग्रजी वर्तमानपत्रे पाहा. जुने अंक हवे असतील तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे एक सकाळ काढा. वाक्य जसेच्या तसे आणि तारखेसह उतरवा. आपल्या शब्दांत सारांश केला की नकळत आपला राग किंवा प्रेम त्यात उतरते. सभागृहातले बोलणे कुठे जाहीरपणे लिहिणार असाल, तर कामकाजातून काढून टाकलेले शब्द वापरू नका. तो विशेषाधिकाराचा, म्हणजे हक्कभंगाचा, प्रश्न होऊ शकतो.

पान घेऊन आमदारांकडे जा

सगळे एका पानावर आणा. डावीकडे तारीख, मग पैशाचा आकडा, मग सभागृहात काय केले, मग बाहेर काय म्हटले. शेवटचा रकाना रिकामा ठेवा, तो त्यांच्या उत्तरासाठी. त्यांना भेटायला जाताना गर्दी नेऊ नका, एक-दोघेच जा आणि एकच प्रश्न विचारा. "तुम्ही गरिबांच्या विरोधात का?" याला उत्तर नसते. "या शीर्षात मूळ अंदाजापेक्षा निम्माही खर्च झाला नाही, तुम्ही यावर सभागृहात प्रश्न विचारल्याची नोंद आम्हाला सापडली नाही, आमच्याकडून राहिली असेल तर दाखवा," याला उत्तर द्यावेच लागते.

आमच्या आमदारांपुढे मी ते पान ठेवले तेव्हा मावशी सोबत होत्या, पासबुक पदराखाली धरून. आमदारांनी पान दोनदा वाचले. विरोध केला होता तो पक्षाच्या बैठकीत, सभागृहात नव्हे, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. ते खरे की खोटे हे तपासायला माझ्याकडे कागद नाही, म्हणून मी ते त्यांच्याच शब्दांत शेवटच्या रकान्यात लिहिले. मग त्यांनी पानाची झेरॉक्स मागून घेतली आणि पुढच्या अधिवेशनात या शीर्षावर एलएक्यू टाकतो म्हणाले. ते वाक्यही त्याच रकान्यात आहे, भेटीच्या तारखेसह. त्याच्या पुढची जागा एलएक्यूच्या क्रमांकासाठी मोकळी ठेवली आहे.