पिस्तूल निवडताना आणि सराव करताना या चुका टाळा

परवाना हाती आला की नवखा माणूस दुकानात जाऊन म्हणतो, "लहानसं दाखवा, धक्का कमी बसेल." होतं नेमकं उलटं. तीच ९ मिलिमीटरची गोळी हलक्या, आखूड पिस्तुलातून सुटली की हात जास्त उसळतो, आणि करंगळीला मुठीवर जागाही उरत नाही. अंगावर बाळगायचं नसेल, तर मध्यम किंवा पूर्ण आकाराचंच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रँडवर वाद नंतर घाला, आधी हात बघा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि ते नीट पकडा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर सहज पोचतो का? त्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल, तर ते तुमच्या मापाचं नाही. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे सरकणारा भाग) जड लागली म्हणून लगेच हार मानू नका. बरेच जण ती दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढतात. पूर्ण पंजाने वरून घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. तरी जमत नसेल, तर रिव्हॉल्वर बघा. मात्र त्याचा ट्रिगर जड असतो आणि गोळ्या बहुधा पाच-सहाच.

उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे जायला लागल्या की तो साइटला (नेम धरायच्या खुणेला) दोष देतो. बहुतेक वेळा माणूस आवाजाआधीच दचकलेला असतो. खात्री करायची तर रेंजवर सोबत्याला तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये (गोळ्या भरायच्या डबीत) दोन डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं मिसळायला सांगा. डमीवर नुसतं 'टक्' होतं, आणि नळी टपकन खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. ओशाळायला होतं, पण दुखणं सापडतं.

यावरचा उपाय म्हणजे ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबण्याचा सराव, रोज दहा मिनिटं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर (नळीच्या मागचा, काडतूस बसतं तो कप्पा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, नेम गोळी अडवेल अशाच भिंतीवर धरा. पिस्तूल पुन्हा भरल्यावर "आता शेवटचं एकदा" म्हणून ट्रिगर दाबणं ही सगळ्यात घातक चूक. .२२ रिमफायर (काडतुसाच्या कडेवर टोला बसून गोळी सुटते असं) पिस्तूल असेल, तर आधी माहितीपुस्तिका वाचा; काहींची फायरिंग पिन (काडतुसावर टोला मारणारी) रिकाम्या चेंबरवर आपटून खराब होते.

रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये धुराड्यासारखी उभी अडकते? आधी मनगट ढिलं पडतंय का ते बघा, मग मॅगझिन, मग तेल. मॅगझिनवर नंबर टाकून ठेवा, म्हणजे दरवेळी तेच एक त्रास देतंय का ते कळेल. सराव साध्या गोळ्यांवर आणि घरात मात्र कधीच न झाडलेल्या हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ असलेल्या) गोळ्या, असंही करू नका. काही पिस्तुलं त्या नीट गिळत नाहीत.

ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून ३० सेकंद थांबा. 'ठो' ऐवजी 'फुस्स' झालं, तर पुढची गोळी अजिबात झाडू नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते आणि मग नळी फुटू शकते. पिस्तूल रिकामं करून जाणकाराला दाखवा.

कुलपाची पेटी घेतलीत, ठीक. पण ती अंधारात एकदा तरी उघडून पाहिलीत का? डिजिटल कुलपाचे सेल शेवटचे कधी बदलले होते?