जुनी स्पोर्ट्स कार किलोमीटरला कितीला पडते? हिशोब असा मांडा

सेकंड हँड स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की घरच्यांपासून वॉचमनपर्यंत सगळे पहिलं मायलेजच विचारतात. १२-१५ वर्षं जुन्या गाडीत पेट्रोल एकूण खर्चाच्या जेमतेम दहावा हिस्सा असतं, बाकीचा पैसा गाडी खाली बेसमेंटमध्ये उभी असतानाच जात असतो. म्हणून आधी दोन रकाने करा, एक वर्षाचा आणि एक किलोमीटरचा, आणि कुठला खर्च कुठे टाकायचा एवढंच नीट ठरवा, बाकी सगळी शाळेतली गणितं आहेत.

उदाहरणाला २०११ ची बीएमडब्ल्यू झी-फोर थर्टीफाइव्ह-आय घेऊ, म्हणजे तीन लिटरचं ट्विन टर्बो एन-५४ इंजिन आणि घडी होणारं पत्र्याचं छत, गाडी एमएच-०४ ची म्हणजे ठाणे पासिंगची, मालक घोडबंदर रोडला राहणारा. सरकारी दर सोडले तर खालचे आकडे मी धरून चाललोय, तुम्ही तिथे तुमचे टाका.

गाडी १६ लाखाला मिळाली असं समजा. पण आधीच्या मालकाने पुढे ढकललेलं काम असतंच, ऑइल लीक, बुश (सस्पेन्शनमधले रबरी जोड), जुने होज (रबरी नळ्या) वगैरे, ते २ लाख धरा आणि हे पैसे रिपेअरमध्ये न टाकता गाडीच्या किमतीतच मिळवा, नाहीतर पहिलं वर्ष भयंकर दिसतं आणि दुसरं उगाच स्वस्त. म्हणजे गाडी १८ लाखाची झाली. पाच वर्षांनी १३ ला गेली तर वर्षाला १ लाख घट. शिवाय हेच १८ लाख ७ टक्क्यांनी एफडीत असते तर वर्षाला १,२६,००० आले असते, ही ओळ लोक हमखास गाळतात आणि इथे तर तीच सगळ्यात मोठी आहे.

इन्शुरन्समध्ये १,५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीचं थर्ड पार्टी २०२२ च्या दराने ७,८९७, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९,३१८. हे ठरलेलं आहे, खरी घासाघीस पुढे. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, एजंट प्रीमियम कमी दाखवायला ती खाली आणतो आणि आपणही खूश होतो. पण रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये काढतात, म्हणजे रिपेअर न करता आयडीव्हीवर हिशोब मिटवतात, आणि या गाड्यांचे हेडलॅम्प, बंपर, एअरबॅग एकत्र गेले तर तिथे पोचायला वेळ लागत नाही. त्यात इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापता क्लेम देणारं कव्हर) सहसा मिळत नाही आणि क्लेममध्ये रबर-प्लास्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे कापले जातात. आयडीव्ही नीट लावून, थर्ड पार्टीसकट मी ३५,००० धरतो. इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने इंजिन बिघडलं तर त्याचं कव्हर) मिळत असेल तर घ्या, ठाण्यात पावसाळ्यात कुठला रस्ता कधी भरेल सांगता येत नाही.

आता आरसी. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, २०११ च्या गाडीची मुदत २०२६ मध्येच संपते, मग पासिंग करून पुढची पाच वर्षं मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून साध्या कारला याची फी ५,००० आहे पण इम्पोर्टेड चारचाकीला ४०,०००, आणि झी-फोर इथे पूर्ण तयार होऊनच यायची, त्यामुळे ती इम्पोर्टेडमध्ये जाते. वर्षाला ८,००० झाले. २० वर्षांच्या पुढे २०२५ च्या नियमाने हेच ८०,००० होतात. मुदत उलटली तर महिन्याला ५०० दंड, शिवाय पर्यावरण कर वेगळा. आरसीची तारीख बघूनच भाव करा, दोन-तीन महिने उरलेत अशी गाडी विकणारा घाईत असतो आणि ती घाई तुमच्या कामाची आहे.

टायर बहुतेकजण किलोमीटरमध्ये मोजतात. स्विफ्टला ते बरोबर आहे, पण वर्षाला ४,००० किमी चालणाऱ्या गाडीचे टायर घासून संपायच्या आत वयाने कडक होतात. सहा वर्षांनी बदलायचेच असं धरा आणि ती रक्कम वर्षाच्या रकान्यात टाका. घ्यायच्या आधी साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघा, ३२१७ म्हणजे २०१७ चा ३२ वा आठवडा, मग नक्षी कितीही खोल दिसू दे, तो टायर बाद. या गाडीला १८ इंचात पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५ येतात, त्यामुळे पुढचे मागे फिरवता येत नाहीत, आणि रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) असल्याने स्टेपनी नाही. सेटला १ लाख धरले तर वर्षाला साधारण १७,०००.

बॅटरीचे वर्षाला ६,०००, ऑइल-फिल्टरचे २५,००० (कितीही कमी चालली तरी वर्षातून एकदा बदलायचं), आणि सोसायटीत दुसऱ्या गाडीचं पार्किंग महिन्याला २,००० म्हणजे २४,०००. इथपर्यंतची वर्षाची बेरीज ३,४१,०००.

किलोमीटरच्या रकान्यात पहिलं पेट्रोल. टँक फुल करा, ओडोमीटर लिहा, परत फुल करा, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका. लिटर १०४ धरून ८ चा अॅव्हरेज मिळाला तर किमीला १३ रुपये, पण रोज संध्याकाळी घोडबंदरला माजिवड्यापासून रांगत जाणार असाल तर ५ च मिळेल आणि २१ होतील. सकाळी पामबीच रोडला बरा मिळतो, फक्त तिथे कॅमेरे आहेत, चलान आलं तर तेही याच रकान्यात. ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं म्हणाल तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून अॅव्हरेज थोडा पडतो, आणि २०११ ची गाडी ई-२० साठी बनलेली नाही, तेव्हा फ्युएल होज दरवर्षी बघून घ्या.

टोल फेरीप्रमाणे वेगळा लिहा. ऐरोली, वाशी, मुलुंडचे मुंबईत शिरायचे नाके ऑक्टोबर २०२४ पासून कारला माफ आहेत, पण अटल सेतू २१.८ किमीला २५० घेतो, म्हणजे किमीला साडेअकरा, जवळपास पेट्रोलइतकाच! उलव्याकडून रोज हौसेने जाणाऱ्याचं सगळं गणित बदलतं.

आता रिपेअर, सगळ्यात नाजूक भाग, कारण इथे दरवर्षी सारखा खर्च येतच नाही, एक वर्ष काहीच नाही आणि मग दोन वर्षांचं एकदम. मी वर्षाला १,२०,००० बाजूला काढायला सांगतो, त्यातला निम्मा वयाचा, निम्मा चालण्याचा. वयाचे म्हणजे व्हॉल्व्ह कव्हर आणि ऑइल फिल्टर हाउसिंगचे गॅस्केट, रबरी होज, छताची हायड्रॉलिक्स. चालण्याचे म्हणजे ब्रेक, सस्पेन्शन, टर्बो. एन-५४ च्या हाय प्रेशर फ्युएल पंपावर तर अमेरिकेत २०१० मध्ये रिकॉल झाला होता, तेव्हा तो पंप बदललाय का, बिल दाखवा, असं सरळ विचारा. इलेक्ट्रिक वॉटर पंप आधी फारशी सूचना न देता बंद पडतो, बदललेला नसेल तर भावातून कापा. छत उघडणाऱ्या गाडीची पाणी जायची भोकं मे महिन्यातच साफ करून घ्यायची, नाहीतर पानं अडकून पाणी आत कुठल्यातरी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवर उतरतं आणि ते बिल बघून माणूस गप्प बसतो. वॉरंटी नसलेल्या गाडीला वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याकडे जर्मन गाड्यांवरच हात बसलेला बाहेरचा मेकॅनिक शोधून ठेवा, आणि हे गाडी घ्यायच्या आधी, त्यालाच गाडी लिफ्टवर चढवून दाखवा.

तर वर्षाचा रकाना ३,४१,००० अधिक वयाचे ६०,००० म्हणजे ४,०१,०००. किमीचा रकाना पेट्रोल १३ अधिक रिपेअर १५ (६०,००० भागिले ४,०००) म्हणजे २८. वर्षाला ४,००० किमी चालवली तर ४,०१,००० भागिले ४,००० साधारण १०० आणि वर २८, एकूण १२८ रुपये किलोमीटर. ८,००० चालवली तर ५० अधिक २८, म्हणजे ७८. (एवढी चालवणार असाल तर टायर वयाआधी घासतील, ती ओळ उचलून किमीच्या रकान्यात न्या, थोडा फरक पडेल.)

हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका. गाडी घ्यायची की नाही हे १२८ वर ठरवा. एकदा घेतली की रविवारी पहाटे काढायची की नाही हे २८ वर, कारण ते ४ लाख न काढताही जाणारच आहेत. पैसे वाचवायला गाडी उभी ठेवणारे बरेच दिसतात, त्यांचा प्रत्येक किलोमीटर उलट महाग होत जातो आणि वर बॅटरी आणि सील उभ्याउभ्याच खराब होतात.

दिल्लीची स्वस्त गाडी दिसली तर लगेच उड्या मारू नका. तिकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं असल्यामुळे भाव पडलेला असतो, पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून इथे रजिस्टर करताना महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा असतो, तो किमतीत मिळवून मगच ठाण्यातल्या गाडीशी तुलना करा. आणि अमेरिका-इंग्लंडवाल्या मालकांचे आकडे वाचताना ते मैलाला असतात, किमीला आणायला १.६०९ ने भागा, पण रुपयात करून तसेच उचलू नका, त्यांचं लेबर आपल्यापेक्षा कितीतरी महाग आणि इम्पोर्टेड पार्टवरची ड्युटीही वेगळी. त्यांच्याकडून कुठला पार्ट साधारण किती चालल्यावर जातो एवढंच घ्या, किंमत इथल्या मेकॅनिकला विचारून लिहा.