पहिल्या फुल मॅरेथॉनमध्ये माझी ४३ मिनिटं कुठं गेली? या चुका तुम्ही टाळा

मुंबई मॅरेथॉन, फुल म्हणजे ४२.२ किलोमीटर. टार्गेट होतं ४ तास २० मिनिटं. मुंबईत फिनिश लाइन ओलांडली तेव्हा घड्याळ म्हणे ५ तास ३ मिनिटं. नागपुरात परत आल्यावर चार दिवस जिना उलटा उतरत होतो, आई पाहून राह्यली होती, शेवटी म्हणालीच, "काहून धावतो रे एवढा, पोलीस मागं लागले होते का?" त्याच आठवड्यात वही घेऊन बसलो आणि ४३ मिनिटांचा हिशोब मांडला.

पहिला हाफ, म्हणजे अर्धं अंतर, २ तास ८ मिनिटांत, दुसरा २:५५. प्लॅनप्रमाणे दोन्ही २:१० चे व्हायला पाहिजे होते. म्हणजे पहिल्या अर्ध्यात मी २ मिनिटं कमावली आणि दुसऱ्यात ४५ घालवली. असा धंदा इतवारी बाजारात कोणी केला असता तर दिवाळीच्या आत दुकानाला कुलूप लागलं असतं.

टार्गेटच खोटं होतं

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती धावायच्या आधीच झालेली असते. डिसेंबरात नागपुरातच एक हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) पळालो, मस्त गार सकाळ, रस्ता सपाट, टाइम आला २:०५. लगेच नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकला, त्यानं ४:२० सांगितलं, मी तेच धरून बसलो, व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर पण करून टाकलं (ही वेगळी चूक, पुढं मागं घेता येत नाही). असे बरेचसे कॅल्क्युलेटर पीट रीगेल या अमेरिकन इंजिनिअरनं १९७७ मध्ये मांडलेल्या फॉर्म्युल्यावर चालतात. अंतर डबल झालं की टाइम नुसता डबल नाही, साधारण २.०८५ पट होतो. १२५ मिनिटं गुणिले २.०८५, आले ४ तास २० मिनिटं. गणित बरोबर आहे बावा. पण फॉर्म्युला असं गृहीत धरतो की तुमची तयारी फुलची आहे, आणि माझी तयारी होती हाफची! आठवड्याला कसेबसे ३५ किलोमीटर, ३० च्या वरचा लाँग रन फक्त एक, तोही विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत, सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड चुकवत चुकवत.

पहिल्यांदा फुल पळणाऱ्यांसाठी मला आता हा हिशोब पटतो: हाफचा टाइम डबल करा आणि वर २० ते ३० मिनिटं टाका. आठवड्याचे किलोमीटर ५० च्या आसपास असतील तर २०, माझ्यासारखे ३५ असतील तर ३० आणि तोंड बंद. त्या हिशोबानं माझं टार्गेट हवं होतं ४:४०. म्हणजे त्या ४३ पैकी २० मिनिटं माझी कधी नव्हतीच, उगाच त्यांच्यासाठी रडलो.

आणि टार्गेट एकच ठेवू नका. एक सगळं जमलं तर, एक साधारण दिवसासाठी, आणि एक नुसतं पोचण्याचं. एकच आकडा डोक्यात असला की तो २८ व्या किलोमीटरला हातातून सुटतो आणि उरलेले १४ कशासाठी पळायचे तेच कळत नाही.

सराव जोरात, रेस मात्र हळू

मी प्रत्येक रन जोरात करायचो. फुटाळा तलावावर कोणी ओव्हरटेक केलं की आपलं रक्त उसळलंच, मग तो दहा वर्षांनी लहान का असेना. स्ट्राव्हा ॲपवर आकडा चांगला दिसला पाहिजे, हा दुसरा रोग. आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, साठी पार केलेले, ते वॉकर्स स्ट्रीटवर असे आरामात गप्पा मारत पळतात की वाटतं भाजी आणायला निघाले. मला तीनदा म्हणाले, "बाबू, बोलता येत नसेल तर तू सराव नाही करून राह्यला, रेस लावून राह्यला." मी हसलो. मुंबईत ३३ व्या किलोमीटरला हेच काका माझ्या बाजूनं गेले, तशाच गप्पा मारत, मला म्हणाले "चल रे" आणि गेले पण.

तर हिशोब असा की आठवड्यातल्या बहुतेक रन रेसच्या पेसपेक्षा (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं-सेकंद) किलोमीटरला साधारण १ मिनिट हळू पाहिजेत, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. जोरात एकच दिवस, फार तर दोन. हळू पळताना लाज वाटते हे मान्य, पण पाय रोज जोरात पळून थकलेलेच राहिले तर रविवारचा लाँग रन होत नाही, आणि लाँग रन नाही तर फुल नाही. २८ ते ३२ किलोमीटरच्या तीन-चार रन तरी झाल्या पाहिजेत, शेवटची रेसच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर किलोमीटर कमी करत जायचं. शेवटच्या आठवड्यात "राहून गेलेला" लाँग रन मारणारे महाभाग मी पाहिलेत, त्यातला एक मीच.

पहिले १० किलोमीटर

४:२० साठी पेस लागतो ६:१०. मी पहिले १० पळालो ५:५० नं. मुद्दाम नाही हो, सीएसएमटीसमोर अंधारात ढोल वाजत होते, सगळे सुसाट सुटले, अंग गरम, चार महिन्यांची तयारी, पाय म्हणे आज काय वाट्टेल ते कर. आणि डोक्यात एक भारी आयडिया: आत्ताच तीन-चार मिनिटं बँकेत टाकून ठेवू, शेवटी काढू. राजेहो, ही बँक पैसे परत देत नाही.

कारण साधं आहे. शरीरातला ग्लायकोजेनचा साठा, म्हणजे स्नायूत आणि लिव्हरमध्ये भरलेली साखर समजा, साधारण २००० कॅलरीच्या आसपास असतो, आणि जितकं जोरात पळाल तितकी साखर जास्त जळते अन् चरबी कमी. म्हणून ३०-३२ च्या आसपास साखर संपत येते, पाय एकदम जड पडतात, त्यालाच भिंत लागते असं म्हणतात. सुरुवातीला वाचवलेले २० सेकंद शेवटी दोन-दोन मिनिटांच्या भावानं फेडावे लागतात. केनियाच्या केल्विन किप्टमनं २०२३ मध्ये शिकागोला २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला हाफ ६०:४८ चा होता आणि दुसरा ५९:४७ चा. तेव्हाचा जगातला सगळ्यात वेगवान माणूस पहिला अर्धा हळू पळाला, आणि आपण धरमपेठेतले लोक पहिल्या किलोमीटरला हिरो.

उपाय: पहिले ५ किलोमीटर टार्गेट पेसपेक्षा १०-१५ सेकंद हळूच. गर्दीत झिगझॅग करून पुढं घुसायचं नाही. लोक पुढं जातील, जाऊ द्या, ३५ ला भेटतात सगळे, कठड्यावर बसलेले.

घड्याळाच्या भरवशावर

नागपूरकरांना हे वर्धा रोडवर समजतं. डबल डेकर पुलाखालून पळून पाहा, घड्याळ मधेच ४:३० चा पेस दाखवते, आपण खूश. वरती पूल असला, उंच बिल्डिंगी असल्या की जीपीएस भरकटतो. त्यात रेसचं अंतर मोजलेलं असतं वळणाच्या सगळ्यात आतल्या रेषेनं, आपण पळतो गर्दीतून, पाण्याच्या टेबलाकडे, बाहेरून. माझ्या घड्याळात ४२.२ झाले तेव्हा फिनिश अजून ६०० मीटर लांब होती! ६:१० च्या पेसनंसुद्धा ६०० मीटर म्हणजे ३ मिनिटं ४२ सेकंद. त्या वेळी मी कुठला ६:१० नं पळायला. म्हणून ४ तास ३० मिनिटांत फुल करायचं असेल तर कागदावरचा ६:२४ धरू नका, घड्याळात ६:१८ दिसला पाहिजे. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या बोर्डाजवळ हातानं लॅप दाबा, तो बोर्ड खरा.

तर्री पोह्यांनी केलेला घात

हे माझं स्वतःचं संशोधन आहे, हसू नका. आमचा रविवारचा लाँग रन संपतो कस्तुरचंद पार्कजवळ, तर्री पोह्यांच्या गाडीवर. वरून चणे, शेव, कांदा, तर्री वाफाळलेली, डिसेंबरच्या थंडीत हातात प्लेट गरम लागते. साहजिकच पळताना कोणी काही खायचं नाही, भूक राखून ठेवायची. तीन तास नुसत्या पाण्यावर. परिणाम असा की पळता पळता खायची माझ्या पोटाला सवयच नव्हती. रेसमध्ये पहिलं जेल (पाकिटातला गोड, घट्ट रस) घेतलं १८ ला, तेही एक्स्पोमध्ये, म्हणजे रेसच्या आधीच्या प्रदर्शनात, नवीन घेतलेल्या फ्लेवरचं, त्यावर स्पोर्ट्स ड्रिंक ओतलं, आणि २३ ला पोटात असा गोळा आला की टॉयलेट शोधलं. रांग होती. ६ मिनिटं तिथं गेली, हिशोबात लिहून ठेवलीत.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत. एका जेलमध्ये साधारण २०-२५ ग्रॅम असतात. म्हणजे पहिलं ४० व्या मिनिटाच्या आसपास, भूक लागायची वाट न पाहता, मग दर ३५-४० मिनिटांनी, आणि जेलबरोबर साधं पाणी. जेल नको असेल तर खजूर चालेल, चिक्की चावताना मात्र तोंड कोरडं पडतं, मी करून पाहिलंय. जे काही असेल ते लाँग रनमध्ये त्याच वेळापत्रकानं खाऊन पाहा. पोहे कुठं जात नाहीत.

दुसरं टोक पण आहे: भीतीपोटी प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पाणी रिचवणारे. नुसतं साधं पाणी प्रमाणाबाहेर पीत गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्या, मधे इलेक्ट्रोलाइट घ्या.

नागपूरची थंडी आणि मुंबईचा घाम

आपली जानेवारीची सकाळ १२-१३ डिग्री, हवा कोरडी, घाम आला की उडून जातो. मुंबईत त्याच महिन्यात पहाटेच अंग चिकट, घाम वाळतच नाही, टी-शर्ट पिळून काढा. घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही आणि हार्ट रेट त्याच पेसला वर चढतो. आम्ही ४५ डिग्रीत राहणारे लोक, आम्हाला काय मुंबईचं ऊन, हा माज मी पण केला होता. पण मे महिन्याची सवय जानेवारीपर्यंत शरीर ठेवत नसतं. शेवटचे १०-१२ दिवस छोट्या रन सकाळी साडेदहाला करा किंवा अंगात एक जास्तीचा टी-शर्ट घाला, आणि तरीही दमट दिवस निघाला तर किलोमीटरला १०-१५ सेकंद सोडून द्या. पेडर रोडचा चढ परतीला पाय संपल्यावर येतो, त्यासाठी लाँग रनच्या सुरुवातीला नाही, शेवटी सेमिनरी हिल्स चढा.

बाकीचं, भराभर

नवीन काही नको, ना बूट ना मोजे ना चड्डी. २०१५ मध्ये बर्लिनला केनियाचा दिग्गज धावपटू किपचोगेच्या बुटातून इनसोल बाहेर येऊन फडफडत होते, पायाला फोड आले, तरी तो २:०४:०० मध्ये जिंकला, पण तो किपचोगे आहे. बूट अर्धा नंबर मोठा, रेसच्या आधी ५०-६० किलोमीटर तरी वापरलेला. मांड्या, काखा आणि छातीवर व्हॅसलीन किंवा टेप. पुरुष मंडळी, लाजू नका. पांढऱ्या टी-शर्टवर दोन लाल डाग घेऊन काढलेला फोटो माझ्याकडे आहे, कोणाला दाखवत नाही.

कार्ब लोडिंग म्हणजे ठूसून खाणं नव्हे. जेवण तेवढंच, ताटात भात-पोळी-बटाटा जास्त, तेल-तिखट-कोशिंबीर कमी, शेवटचे दोन दिवस. मी निघायच्या आदल्या रात्री सावजी मटण खाल्लं. जाऊ द्या. संक्रांत नेमकी रेसच्या आठवड्यात येते, दिवसभर गच्चीवर पतंग उडवत उभं राहू नका, आणि सकाळी पळताना गळ्याकडे लक्ष ठेवा, आपल्याकडे नायलॉन मांजा अजून रस्त्यावर लोंबतो. एक्स्पोत बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्या, फोटो काढा, निघा. मी तिथं चार तास फिरलो.

रेसमध्येच गाडी बिघडली तर

पोटरीत गोळा आला: थांबा, ताणा, मिनिटभर चाला, मग हळू सुरू. बहुतेक वेळा तो मिठापेक्षा पेसमुळे आलेला असतो, त्यामुळे नुसतं मीठ चाटून तोच पेस धरला तर परत येतो. पोटात ढवळलं: पेस कमी, जेल बंद, दोन-दोन घोट पाणी, १५ मिनिटांनी परत थोडं खा. भिंत लागली: पूर्ण चालायला लागू नका, ४ मिनिटं पळा १ मिनिट चाला. मी ३४ नंतर सलग चालत सुटलो, किलोमीटरला दहा-दहा मिनिटं गेली, आणि एकदा चालायला लागल्यावर पाय परत पळायला तयारच होईनात. पेनकिलर खाऊन पळू नका, अंगात पाणी कमी असताना त्या किडनीला झोडपतात. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम अचानक थांबून अंगावर काटा आला की थेट मेडिकल टेंट, टाइम गेला तेल लावत.

एक शेवटचं. परतीचं तिकीट काढताना लोअर बर्थ घ्या. माझा विदर्भ एक्स्प्रेसमध्ये अप्पर होता, मेडल गळ्यात, आणि समोरच्या आजीबाईंनी खालून ढकलून मला वर चढवलं.