हॉस्पिटल नव्या इमारतीत जातंय? कर्मचाऱ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

जिल्हा रुग्णालय असो की ट्रस्टचं हॉस्पिटल, स्थलांतराच्या यादीत खाटा असतात, मॉनिटर असतात, एक्स-रेच्या परवान्याचं काम असतं. सोनोग्राफीची जागा बदलणार म्हणून पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या नियमाप्रमाणे 30 दिवस आधी द्यायची सूचनाही असते. माणसांसाठी त्या यादीत बहुधा एकच ओळ सापडते: ‘स्टाफ ट्रेनिंग’. पुढे राजीनामे, मेडिकल रजा आणि काउंटरवरची भांडणं सुरू झाली की एखादा मोटिव्हेशनल स्पीकर बोलावला जातो.

जुन्या वॉर्डात पंधरा वर्षं काढलेल्या सिस्टरचा हात अंधारातही अँब्यू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायच्या फुग्यावर) पडतो. रक्त लवकर हवं तर कुणाला फोन करायचा, कुठल्या लिफ्टच्या भरवशावर राहायचं नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं, पण तिला ठाऊक असतं. नव्या इमारतीत पहिल्या दिवशी तीच सिस्टर नवशिकी होते आणि पेशंट मात्र तितकेच आजारी असतात. लोक बिथरतात ते बहुतेक वेळा यामुळे. यावर भाषणाचा उतारा पडत नाही.

तारीख पेपरात वाचायला लावणं

आपल्याकडे लोकार्पणाची तारीख आणि पेशंट खरोखर हलवायची तारीख यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. फीत कापली जाते, फोटो छापून येतात आणि इमारतीला पुन्हा कुलूप लागतं. मधे आचारसंहिता येते, नाहीतर फायरची एनओसी अडकते. या काळात वरिष्ठ गप्प बसतात, कारण ‘नक्की झालं की सांगू’. तोवर व्हॉट्सॲपवर सगळं ठरूनही गेलेलं असतं: अमका वॉर्ड बंद, कंत्राटी लोकांना नारळ, ड्युटी बारा तासांची.

आठवड्यातला एक वार ठरवा आणि हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे पाळी बदलताना, दहा मिनिटं बोला. काय ठरलंय ते सांगा, आणि काय ठरलेलं नाही तेही सांगा. ‘अजून माहीत नाही, शुक्रवारी कळेल’ हे उत्तर लोक चालवून घेतात. न बोलणं चालवून घेत नाहीत. नाईटवाल्यांसाठी नाईटलाच जा. दुपारच्या बैठकीला त्यांना झोपेतून उठवून बोलावणं हा सन्मान नव्हे.

फेरफटका मारला म्हणजे ट्रेनिंग झालं असं समजणं

तीस जणांच्या घोळक्याला ‘ही ओटी (ऑपरेशन थिएटर), हा आयसीयू’ म्हणत फिरवून आणलं की सह्यांचा कागद भरतो, एवढंच. त्याऐवजी ज्या टीमला तिथे काम करायचंय तिला डमी पेशंट देऊन कॅज्युअल्टीतून ओटीपर्यंत जायला सांगा. स्ट्रेचर लिफ्टमध्ये वळत नाही, कोड ब्लूची (पेशंटचं हृदय किंवा श्वास थांबल्याची) घोषणा मागच्या जिन्यात ऐकू येत नाही, सक्शनचा पॉइंट खाटेच्या नको त्या बाजूला आहे, या गोष्टी तेव्हाच कळतात. एक ड्रिल रात्री घ्या, अर्ध्या मनुष्यबळावर.

आग आणि ऑक्सिजन यांचा सराव तर कुणालाही वगळून चालणार नाही. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. 21 एप्रिल 2021 ला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) सिव्हिलमध्ये नव्याने उभारलेल्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि नंतर एका महिला डॉक्टरसह तीन परिचारिकांना अटक झाली. परिचारिका हे विसरलेल्या नाहीत. ‘नवीन वायरिंग आहे, काही झालं तर आमच्यावरच येणार’ ही भीती कुणी बैठकीत बोलून दाखवत नाही, पण नव्या आयसीयूत पोस्टिंग टाळण्यामागे ती असू शकते. ती भीती खोटी ठरवत बसू नका. स्विच गरम होतोय, ऑक्सिजनचं प्रेशर खालीवर होतंय अशा तक्रारींसाठी एक रजिस्टर ठेवा, पोच द्या, आणि दुरुस्ती कुणी कधी केली ते त्याच ओळीत लिहा. सिस्टरच्या हातात तो कागद असणं हा खरा आधार.

खोल्या वाढवायच्या, माणसं तितकीच ठेवायची

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. जुना वॉर्ड म्हणजे एक लांब हॉल. टेबलावरून मान वर केली की शेवटच्या खाटेवरचा माणूस दिसायचा. अडचण आली तर हाक मारली की दुसरी सिस्टर, मावशी, प्रसंगी शेजारच्या पेशंटचा नातेवाईक धावून यायचा. नव्या इमारतीत बंद दारांच्या खोल्या येतात. पेशंटला एकांत मिळतो, संसर्गही आटोक्यात ठेवता येतो, ते बरंच आहे. पण चालणं वाढतं, नजर पुरत नाही, आणि आठ तासांत सहकाऱ्याचं तोंडही दिसत नाही. ‘पूर्वी दमायचो पण बरं वाटायचं’ असं कुणी म्हणालं तर ते जुन्याचं नुसतं कौतुक समजू नका.

पेशंट-नर्स प्रमाण जुन्या वॉर्डावरून जसंच्या तसं उचलू नका. कुणाला कोणत्या खोल्या ते शेजारशेजारच्या बघून ठरवा. बेल वाजली आणि नेमलेली सिस्टर दुसरीकडे अडकलेली असली तर कोण जाणार, हे पाळी सुरू होताना बोलून घ्या. आणि डबा खायला सगळ्यांना एकत्र बसता येईल अशी जागा राखून ठेवा. नकाशात असलेली स्टाफ रूम पहिल्या महिन्यातच स्टोअर होते. तसं होऊ देऊ नका.

साठा लपवला म्हणून ओरडणं

हलल्यानंतर हमखास दिसणारं लक्षण: इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात ग्लोव्हज, कॅन्युला, आयव्ही सेट कुलूपबंद. मेमो काढायची घाई करू नका. साठवणूक होते म्हणजे नव्या स्टोअरवर भरवसा बसलेला नाही. मागणी टाकल्यापासून वस्तू वॉर्डात पोचेपर्यंत किती वेळ जातो ते स्वतः घड्याळ लावून बघा, विशेषतः रविवारी आणि रात्री. तो वेळ कमी झाला की कपाटं आपोआप रिकामी होतात.

मावशी आणि मामांना शेवटी सांगणं

इमारतीबरोबर पुष्कळदा सफाईचा आणि सुरक्षेचा ठेकेदारही बदलतो. मावशींना, वॉर्डबॉय मामांना आपली नोकरी राहणार की जाणार हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही, आणि सामान हलवायचं ओझं मात्र त्यांच्याच पाठीवर. त्यांच्याशी ठेकेदाराच्या सुपरवायझरमार्फत बोलू नका, समोर बसवून बोला. नवी जागा गावाबाहेर असेल तर रात्री आठला पाळी संपवून घरी कसं जायचं हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. शेवटची एसटी किंवा सिटी बस पाळीच्या वेळेशी जुळत नसेल तर हॉस्पिटलची गाडी सोडा. रस्त्यावर दिवे आहेत का ते रात्री जाऊन बघा.

छोट्या चुका, पण टोचणाऱ्या

पहिल्या दोन आठवड्यांत बायोमेट्रिकवर लेट मार्क लावणं. सरसकट सगळ्यांच्या रजा बंद करणं, ज्यामुळे लोक मेडिकल टाकतात. ओपीडी आणि ठरलेली ऑपरेशनं कमी न करता त्याच आठवड्यात पेशंट हलवणं. चेंजिंग रूम तयार नसताना वॉर्ड सुरू करणं.

समुपदेशनाचा नंबर चिकटवून हात झटकणं

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची 14416 ही हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ज्याची झोप उडाली आहे, ज्याला ड्युटीवर यायच्या विचारानेच धडधडतं, त्याला ती जरूर सांगा. पण रोस्टर आदल्या रात्री बदलत असेल तर हेल्पलाइन तरी काय करणार? आधी महिन्याचं रोस्टर लावा, आणि बदल झालाच तर संबंधिताला विचारून करा.

पहिले काही दिवस लोक धावपळीच्या जोरावर निभावून नेतात. थकवा दिसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जेव्हा मदतीला आलेले ज्यादा लोक परत गेलेले असतात आणि स्थलांतर समितीच बरखास्त झालेली असते. समिती किमान सहा महिने चालू ठेवा, आणि तिच्यात नाईट करणारी एक सिस्टर आणि एक मावशी असू द्या.